कपाटातलं किट आणि मुलीचा प्रश्न

पत्र:

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. माझ्या धाकट्या भावाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. दोनदा हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. गेली नऊ वर्षं तो नियमित गोळ्या घेतो, कामावर जातो, ठीक आहे. मुलीला यातलं काही आम्ही सांगितलेलं नाही. मामाचं डोकं दुखतं म्हणून तो गोळ्या घेतो, एवढंच तिला माहीत आहे. चार-पाच महिन्यांपासून ती बदलली आहे. दार लावून बसते, विचारलं की एका शब्दात उत्तर देते, रात्री उशिरापर्यंत जागी असते. माझ्या मिस्टरांनी ऑनलाइन एक किट मागवलं. लाळ पाठवायची, मग नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया सगळ्यांचा धोका रिपोर्टमध्ये येतो. ते म्हणतात, "कळलेलं बरं. आधी कळलं तर काहीतरी करता येईल." जीवनसत्त्वांची तपासणी आहे असं सांगून तिची लाळ घ्यायची ठरलं होतं. माझा हात पुढे होईना. तीन आठवडे किट कपाटात पडून आहे आणि मला झोप नाही. परवा तिनेच विचारलं, "आई, मामाला नक्की काय झालंय?" मी विषय बदलला. करू का ही तपासणी? आणि रिपोर्ट आला तर तिला सांगायचा की नाही?

– एक आई

ताई,

तुमचा हात पुढे झाला नाही ते बरं झालं. किट कपाटातच राहू द्या. हे आधी सांगून टाकते, कारण तीन आठवडे झोप नसलेल्या माणसाला उत्तरासाठी शेवटापर्यंत ताटकळत ठेवणं मला जमणार नाही. का राहू द्या, ते आता सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला ते घरी मांडता येईल.

"कळलेलं बरं" हे तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. लेकीच्या काळजीपोटीच त्यांनी ते किट मागवलं. पण त्या किटमधून नक्की काय कळतं, ते आधी बघू.

स्किझोफ्रेनिया आनुवंशिक आहे का? बऱ्याच अंशी हो. पण त्याचं असं एखादं जनुक नाही. सायकिअ‍ॅट्रिक जिनॉमिक्स कन्सॉर्शियम या जगभरातल्या संशोधकांच्या गटाने २०२२ साली पाऊण लाखाहून जास्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या आजाराशी नातं सांगणाऱ्या २८७ जागा माणसाच्या जनुकसंचात सापडल्या. एकेका जागेचा वाटा चिमूटभर. अशा असंख्य चिमटींची बेरीज करून जो आकडा काढतात त्याला पॉलिजेनिक स्कोअर म्हणतात. रिपोर्टमधला 'धोका' बहुधा हाच असतो. हजारो लोकांच्या दोन गटांची तुलना करायची असेल तर हा आकडा मोलाचा आहे. एकट्या मुलीबद्दल तो फार थोडं बोलतो. माणसामाणसांत या आजाराच्या प्रवृत्तीचा जो फरक असतो, त्यातला सुमारे ७ टक्केच भाग त्या अभ्यासात या आकड्याला उलगडता आला. शिवाय अशा संशोधनातले बहुतांश लोक युरोपीय वंशाचे असतात, आणि इतर वंशांच्या माणसांना तोच आकडा लावला की त्याची अचूकता घसरते. रिपोर्टमधल्या लाल-पिवळ्या पट्टीवरून हे कळत नाही. तिथे फक्त बाण असतो, आणि आईची नजर त्या बाणावरच खिळते.

काही किटं तर एवढंही करत नाहीत. दोन-चार गाजलेली जनुकं तपासून नैराश्याचा धोका सांगून मोकळी होतात. त्यातलं सर्वांत गाजलेलं म्हणजे सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक. २००३ साली एका अभ्यासाने ते प्रकाशात आणलं आणि पुढची कित्येक वर्षं 'नैराश्याचं जनुक' म्हणून त्याच्यावर लिहिलं गेलं. २०१९ साली संशोधकांनी अशी १८ जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर पुन्हा पडताळून पाहिली, तेव्हा नैराश्याशी त्यांचा विशेष संबंध काही दिसला नाही. आजही कोणी ही जनुकं तपासून मुलांच्या मनाचं भाकीत विकत असेल, तर त्याचा मला राग येतो. आईबापांच्या भीतीवर तो धंदा चालतो.

आता तुमच्याकडे आधीपासून काय माहिती आहे ते बघा. मामाला आजार आहे. कुटुंबाचा इतिहास हीसुद्धा जनुकीय माहितीच असते, आणि आजच्या घडीला ती त्या स्कोअरपेक्षा समजायला सोपी आणि जास्त भरवशाची आहे. सर्वसाधारण शंभर माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो. सख्ख्या मामाला, काकाला किंवा मावशीला तो असेल तर शंभरात साधारण तीन ते चार जणांना. आई किंवा वडिलांना असेल तर दहाच्या आसपास. हुबेहूब जुळ्या भावंडांत एकाला झाला, तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला होत नाही, आणि त्यांची जनुकं तर सारखीच असतात. तुमच्या मुलीसारख्या शंभर भाच्यांपैकी शहाण्णव-सत्त्याण्णव जणींना हा आजार कधीच होणार नाही. मी हे धीर देण्यासाठी गोड करून लिहीत नाही, हिशोबच तसा आहे.

समजा रिपोर्ट 'कमी धोका' असा आला. मला खरं तर त्याचीच जास्त भीती वाटते. उद्या तिला खरोखर त्रास सुरू झाला, तर "पण रिपोर्ट तर चांगला होता" म्हणून घरातले चार महिने थांबतील. मनोविकारात ते चार महिने फार महाग पडतात. उपचार जितके लवकर सुरू होतात, तितकी पुढची वाट सोपी असते.

म्हणजे मुलांच्या बाबतीत जनुकीय तपासणी कधीच करू नये का? तसं अजिबात नाही, आणि हा फरक तुम्हाला कळावा असं मला फार वाटतं. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटासा तुकडा काही मुलांत जन्मापासूनच नसतो. डॉक्टर त्याला २२क्यू११ डिलीशन म्हणतात. काही हजारांत एका मुलाला ते असतं आणि अशा मुलांपैकी सुमारे पाव जणांना मोठेपणी स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. पण या मुलांत बऱ्याचदा इतर खुणाही असतात: जन्मतः हृदयात दोष, टाळूत दोष, रक्तातलं कॅल्शियम कमी, शिकायला वेळ लागणं. अशा खुणा असतील तर तपासणी करायलाच हवी, कारण निकालाने आजच्या उपचारांत फरक पडतो. हृदय बघता येतं, कॅल्शियम सांभाळता येतं, शिकण्यासाठी मदत लावता येते. स्वमग्नता किंवा वाढीत बराच उशीर असलेल्या मुलांसाठीही गुणसूत्रांची तपासणी डॉक्टर सुचवतात, आणि ते योग्यच आहे. या तपासण्या डॉक्टरांमार्फत होतात, निकाल समजावून सांगणारं माणूस समोर बसलेलं असतं.

तुमच्या घरात असं काही शोधायचंच असेल, तर सुरुवात मुलीपासून करायची नसते. सुरुवात होते ज्याला आजार आहे त्याच्यापासून, म्हणजे तुमच्या भावापासून, आणि तीही त्याची इच्छा असेल तरच. त्याच्यात ठळक असं काही सापडलं नाही, तर मुलीत शोधायला काही उरत नाही. लाळेचं किट विकणारे ही साधी गोष्ट सांगत नाहीत.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २०१३ साली मिळून एक धोरण मांडलं. मोठेपणी होणाऱ्या आजाराचं भाकीत करणारी तपासणी लहानपणी करावी ती लहानपणीच करण्यासारखं काही असेल तरच. नाहीतर थांबावं आणि मूल मोठं झालं की त्यालाच ठरवू द्यावं. या विचाराला हंटिंग्टन आजाराच्या अनुभवाची जोड आहे. तो मेंदूचा आजार एकाच जनुकामुळे होतो. १९९३ साली ते जनुक सापडलं, तपासणी जवळजवळ अचूक झाली. ज्यांच्या आईला किंवा वडिलांना तो आजार होता त्यांना आता आपलं भविष्य कळू शकत होतं. तरीही त्यांच्यातल्या बहुतेकांनी तपासणी करून घेतली नाही. मोठ्या, विचारी माणसांनी ठरवलं की आम्हाला हे ओझं घेऊन जगायचं नाही. काहींनी उलट ठरवलं. दोघांनाही तो हक्क होता. तुमच्या मुलीची लाळ आज पाठवलीत, तर 'मला जाणून घ्यायचं नाही' असं म्हणण्याचा तिचा हक्क कायमचा जातो. एकदा कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही. जोएल फाइनबर्ग या तत्त्वचिंतकाने १९८० साली मुलांच्या अशा हक्कांना 'खुल्या भविष्याचा हक्क' म्हटलं होतं. मूल आज वापरू शकत नाही असे काही हक्क आईबापांनी त्याच्या वतीने जपून ठेवायचे असतात आणि मोठं झाल्यावर त्याच्या हाती द्यायचे असतात.

तुम्ही विचारलंय, रिपोर्ट तिला सांगायचा की नाही. ताई, न सांगितला तरी तो तिला कळेल. तुमच्या नजरेतून कळेल. आज ती दार आपटते तेव्हा तुम्हाला वाटतं, वयच असं आहे. 'जास्त धोका' असा कागद कपाटात असला की तेच दार आपटणं लक्षण होईल. मैत्रिणीशी भांडली, लक्षण. एकटीच हसली, लक्षण. किशोरवयीन मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा पुन्हापुन्हा एक तक्रार करतात: "घरी सगळे माझ्याकडे बघत असतात." त्यांना रागावण्यापेक्षा या बघण्याचा त्रास जास्त होतो. तेरा-चौदाव्या वर्षी मूल 'मी कोण' हे शोधत असतं. त्या वयात हातात आलेली कुठलीही चिठ्ठी ते कपाळावर चिकटवून घेतं.

मोठ्यांचंही असंच होतं. मॅथ्यू लेबोविट्झ आणि वू-क्यूंग आन या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही लोकांना लाळेची खोटी तपासणी करून, चिठ्ठ्या टाकल्यासारखं, सांगितलं की तुमच्यात नैराश्याची जनुकीय प्रवृत्ती आहे. इतरांना सांगितलं, नाही. मग सगळ्यांना विचारलं, गेले दोन आठवडे तुम्हाला कसं वाटत होतं? ज्यांना प्रवृत्ती आहे असं सांगितलं होतं, त्यांना त्या दोन आठवड्यांतली उदासी जास्त आठवली. दोन आठवडे तर आधीच होऊन गेले होते. एका खोट्या निकालाने त्यांची आठवण बदलली. मग तेरा वर्षांच्या मुलीचं काय होईल, आणि तिच्याकडे रोज बघणाऱ्या आईचं?

माहिती जपली जाण्याचंही बघायला हवं. लाळेतला जनुकसंच म्हणजे बदलता न येणारा पासवर्ड. ट्वेंटीथ्री अँड मी या लाळेवरून जनुकं तपासणाऱ्या मोठ्या कंपनीची माहिती २०२३ साली फुटली, त्यात सुमारे ६९ लाख लोक सापडले. २०२५ साली ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लोकांना प्रश्न पडला, आता आपल्या लाळेचा मालक कोण? मुलीची माहिती म्हणजे थोडी तुमची, थोडी मिस्टरांची आणि थोडी तुमच्या भावाचीही. अमेरिकेत २००८ सालच्या कायद्याने नोकरी आणि आरोग्यविमा यांत जनुकीय भेदभावाला बंदी आहे, पण तिथेही आयुर्विमा त्या कायद्यात येत नाही. तुमची मुलगी चाळिशीची होईल तेव्हा हा रिपोर्ट कोणाच्या हातात असेल, याची हमी आज कोणी देऊ शकत नाही.

हे सगळं एकवेळ बाजूला ठेवलं, तरी मला सर्वांत जास्त खुपतं ते जीवनसत्त्वांचं खोटं. मिस्टर म्हणतात, आधी कळलं तर काहीतरी करता येईल. अगदी खरं आहे. पण आधी कळणार कसं? समजा तिला एखाद्या रात्री कोणी नसताना आवाज ऐकू आला. समजा तिला वाटायला लागलं की वर्गातली मुलं तिच्याविरुद्ध काही रचतायत. हे जगात पहिल्यांदा कोणाला कळेल? तिला. आणि दुसरं कोणाला, ते तिचा कोणावर विश्वास आहे यावर ठरेल. तिने तुम्हाला येऊन सांगावं, लाजू नये, घाबरू नये, ही तुमच्या घरातली लवकर कळण्याची खरी सोय आहे. खोटं बोलून लाळ घेतली आणि ते उघड झालं (असं काही घरात फार दिवस लपत नाही) तर तीच सोय बंद पडेल.

आता तिच्यातल्या बदलाबद्दल. दार लावणं, एका शब्दात उत्तर, उशिरा झोपणं हे या वयात सर्रास दिसतं. तेराव्या वर्षाआधी स्किझोफ्रेनिया फारच क्वचित होतो, बहुतेकांना तो सतराव्या-अठराव्या वर्षापासून तिशीच्या आत सुरू होतो. पण म्हणून दुर्लक्ष करा असं मी म्हणणार नाही. तिच्या मनाला काहीतरी दुसरंच लागलेलं असू शकतं: शाळेतला छळ, एखादी तुटलेली मैत्री, नैराश्य, चिंता. पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी तिने सगळ्याच सोडल्या का? अभ्यास अचानक घसरला का? मैत्रिणी पार तुटल्या का? बोलण्यातला धागा सुटतो का, उगाच संशय घेते का, रात्र-रात्र झोपतच नाही का? यातलं काही दोन-तीन आठवडे टिकलं, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. तिला सांगून, तिच्याबरोबर जा. ते तिच्याशी बोलून ठरवतील, तिथे जनुकांचा रिपोर्ट लागत नाही. आणि जगणं नको झाल्याचं किंवा स्वतःला इजा करण्याचं ती काही बोलली, तर एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

मिस्टरांचं समाधान होत नसेल, तर दोघं मिळून जनुकीय समुपदेशकाकडे जा, किट न घेता. अशा समुपदेशनाला तपासणी करावीच लागते असं नाही. कॅनडातल्या जेहानिन ऑस्टिन या समुपदेशकांनी मनोविकार असलेल्या कुटुंबांसाठी हे काम उभं केलं. कुटुंबांना समजावताना ऑस्टिन एका बरणीचं चित्र वापरतात. ते मला फार आवडतं, तेच तुम्ही मुलीला सांगू शकाल. प्रत्येकाकडे एक बरणी असते. जन्मतः त्यात काही गोट्या असतात, कोणाच्या कमी, कोणाच्या जास्त. त्या जनुकांच्या गोट्या, त्या काढता येत नाहीत. पुढे आयुष्य आणखी गोट्या टाकतं: मोठा धक्का, सततचा ताण, जागरणं, गांजासारखी नशा. बरणी काठोकाठ भरली की आजार दिसतो. पण बरणीच्या तोंडावर कडी चढवून ती उंच करता येते. पुरेशी झोप, मनातलं बोलायला एखादं माणूस, हालचाल, वेळेवर घेतलेली मदत, या त्या कड्या. आणि या कड्या स्कोअर कितीही असो, त्याच राहतात. रिपोर्ट 'जास्त' आला असता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं: तिला नीट झोपू द्या, तिच्याशी बोलत राहा. गांजाबद्दल घरात उघडपणे बोला, कारण किशोरवयात, विशेषतः रोज आणि कडक गांजा ओढणाऱ्यांत, मनोविकाराचा धोका वाढतो, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी तर त्यापासून लांबच राहावं.

ती अठराची झाली की तिला हवं तर ती तपासणी करून घेईल. तोवर शास्त्रही पुढे गेलेलं असेल. त्याआधी तिनेच विचारलं, तर समुपदेशकासमोर बसून तिघांनी बोला.

ताई, तुमच्या पत्रात तुमच्या दोन प्रश्नांआधी आणखी एक प्रश्न आहे, आणि तो तिचा आहे. "मामाला नक्की काय झालंय?" आपल्या घरात काहीतरी आहे हे तिला कळलंय. तुम्ही विषय बदलला, त्यातून ते बोलू नये असं काहीतरी आहे हेही कळलं. मुलं अशा रिकाम्या जागा स्वतः भरतात, आणि खऱ्यापेक्षा भयंकर गोष्टींनी भरतात. तिला खरं सांगा. सोप्या शब्दांत, एका बैठकीत सगळं नको: "मामाला स्किझोफ्रेनिया नावाचा आजार आहे. विशीत असताना त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे, तो खूप घाबरायचा. उपचार घेतले, आता तो ठीक आहे. आम्ही तुला डोकेदुखी सांगितली ते चुकलं." ती विचारेल, "मला होईल का?" तेव्हा "छे, काहीतरीच काय" म्हणू नका. म्हणा, "होणार नाही याचीच शक्यता खूप जास्त आहे. पण कधीही मनात काही विचित्र, भीतीचं आलं तर मला सांग. मी रागावणार नाही आणि घाबरूनही जाणार नाही. आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ." 'घाबरूनही जाणार नाही' हे वाक्य बोलण्याआधी थोडा सराव करा, कारण घाबरू नका हे मी सांगितलं तरी तुम्ही घाबरणारच.

पण तिच्याशी बोलण्याआधी एक फोन करा. ही गोष्ट आधी तुमच्या भावाची आहे. नऊ वर्षं तो गोळ्या घेतोय, कामावर जातोय, आणि भाचीच्या लेखी तो डोकं दुखणारा मामा आहे. त्याला विचारा, हिला सांगू का? काय सांगू, काय नको? कदाचित तो म्हणेल, तू नको, मीच सांगतो. तसं झालं तर तुम्ही फक्त त्या दोघांजवळ बसा.